कुत्र्यासकट पुण्यात भाड्याचं घर : डिपॉझिट आधी समजून घ्या, घर मग बघा

सांगलीहून पुण्याला आलो तेव्हा आमच्याकडे चार बॅगा, एक गॅसची शेगडी आणि बंड्या होता. बंड्या म्हणजे तपकिरी रंगाचा, एक कान कायम पडलेला गावठी कुत्रा. एजंटने पहिल्याच फोनवर सल्ला दिला, "मॅडम, कुत्र्याचं आत्ता बोलू नका. एकदा अ‍ॅग्रीमेंट झालं की कोण बघतंय?" आम्ही ऐकलं. कर्वेनगरच्या त्या घरातून अकरा महिन्यांनी निघालो तेव्हा ६० हजारांच्या डिपॉझिटपैकी २३ हजार परत आले नाहीत. दाराच्या ओरखड्यांचे, रंगाचे आणि "वासाचे". भांडायला आम्हाला तोंडच नव्हतं, कारण करारात बंड्या नव्हताच. जो कुत्रा कागदावर नाही, त्याने दार किती खराब केलं याचा हिशेब कुठल्या तोंडाने मागणार?

त्यानंतर दोन घरं बदलली आणि दोन्ही वेळा डिपॉझिट जवळजवळ पूर्ण हातात आलं. बंड्या तोच, सवयी त्याच. फरक पडला तो आम्ही घरात शिरण्याआधी काय केलं यामुळे. ते क्रमाने सांगते.

१. पहिल्या दिवशी किती पैसे लागतील ते काढा

पुण्यात साधारणपणे दोन ते तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतात. प्राणी म्हटलं की बरेच मालक त्यावर आणखी एक महिना चढवतात. एजंट असेल तर एक महिन्याचं भाडं त्याचं, आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. २२ हजार भाड्याचं घर धरा:

- डिपॉझिट, तीन महिने : ६६,०००
- कुत्र्यासाठी जादा डिपॉझिट : २२,०००
- एजंट : २२,०००
- पहिलं भाडं : २२,०००

झाले १ लाख ३२ हजार, म्हणजे भाड्याच्या सहापट. टेम्पो, करारनोंदणी, बाल्कनीची जाळी हे वेगळं. "भाडं २२ हजार म्हणजे परवडेल" असं म्हणून निघालेले लोक इथेच अडकतात. हातात सहापट नसेल तर भाड्याचा आकडा खाली आणा. मित्राकडून उसने घेऊन डिपॉझिट भरायच्या फंदात पडू नका, ते पैसे वर्षभर अडकतात.

"दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेताच येत नाही" असं कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. ती मर्यादा केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे, आणि तो कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो. म्हणून मालकासमोर त्या दोन महिन्यांचा दाखला देऊन उपयोग नाही. जे काही कमी होईल ते बोलणी करूनच.

२. कागदपत्रांची फाइल : तुमची आणि जनावराचीही

तुमची फाइल नेहमीची : आधार, पॅन, फोटो, नोकरीचं पत्र किंवा ओळखपत्र, कायमचा पत्ता, आधार असलेले दोन साक्षीदार. आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, तेवढं आजच बघून ठेवा.

जनावराची फाइल मात्र लोक करतच नाहीत, आणि तीच घर मिळवून देते. त्यात ठेवा:

- लसीकरणाचं पुस्तक. रेबीजच्या लशीची तारीख चालू वर्षातली हवी.
- नसबंदी झाली असेल तर डॉक्टरांचं पत्र.
- महापालिकेचा परवाना. पुण्यात कुत्रा पाळायला परवाना लागतो, त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला मागतात. मांजरांसाठीही पुणे महापालिकेने परवाना सुरू केला आहे. राहणार पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असाल तर महापालिका वेगळी, हे विसरू नका. वाकड आणि बाणेर शेजारी-शेजारी असले तरी दोन वेगळ्या दारांत जावं लागतं.
- आधीच्या घरमालकाच्या दोन ओळी किंवा निदान फोन नंबर.

आम्ही यावर एक पान बंड्याचा बायोडेटा केला. लग्नाचा करतात तसाच : वय, वजन, रंग, स्वभाव, दिवसा घरी कोण असतं, किती वेळा फिरायला नेतो, भुंकतो कधी. गोत्र तेवढं राहिलं. हसू येतं, पण आमच्या दुसऱ्या घरमालक काकूंनी "नाही" म्हणता म्हणता तो बायोडेटा वाचला आणि विचारलं, "एवढं लिहिलंय, तर आणा एकदा, बघते."

पोपटाबद्दल एक सांगून ठेवते. आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तो असेल तर प्रश्न डिपॉझिटपुरता राहत नाही.

३. पहिल्या फोनवर, तिसऱ्या वाक्यात सांगा

पहिलं वाक्य नाव, दुसरं नोकरी, तिसरं कुत्रा. दहापैकी सात जण तिथेच फोन ठेवतील. ठेवू देत. ते सात फ्लॅट बघण्याचे तुमचे दोन रविवार वाचले.

एक प्रश्न हमखास येतो, त्याची तयारी ठेवा. "आमच्या घरात नॉनव्हेज चालत नाही. कुत्रा काय खातो?" आम्ही पहिल्यांदा हा प्रश्न ऐकून गारच पडलो होतो. खोटं बोलू नका. बंड्या उकडलेलं चिकन खातो, हे आम्ही सांगतो. काही जण नकार देतात, काही जण "बाल्कनीत शिजवा" म्हणतात. एकाने तर "त्याचं चालेल, तुमचं नाही" असंही सांगितलं.

एजंट निवडताना त्याला स्पष्ट विचारा, "प्राणी चालतात अशी किती घरं तुमच्याकडे आत्ता आहेत?" जो म्हणेल "ते मी मॅनेज करतो", त्याला नमस्कार. तो मॅनेज करतो म्हणजे लपवतो. त्याची दलाली त्याला त्या दिवशी मिळते, दारावरचे ओरखडे वर्षभराने तुमच्या खात्यात पडतात.

मोठ्या सोसायट्यांपेक्षा बंगल्याचा खालचा मजला, जुन्या तीनमजली इमारती, रो-हाउस इथे बोलणी लवकर जमतात, कारण निर्णय घेणारा माणूस समोर बसलेला असतो. कोथरूड, औंध, सहकारनगर या जुन्या भागांत अशी घरं अजून आहेत. खराडी, वाकड, हिंजवडीकडे टॉवर जास्त. तिथे कुत्रे भरपूर दिसतात, पण मालक बरेचदा दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असतो आणि सगळा कारभार फोनवर चालतो.

सावध राहा : घर न बघता "टोकन टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. सरकारी नोकरीत आहे, बदली झाली आहे, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, फक्त क्यूआर कोड स्कॅन करा, ही फसवणुकीची जुनीच तऱ्हा आहे. पैसे द्यायच्या आधी मालकाचं नाव असलेलं वीजबिल किंवा मिळकतकराची पावती मागा. आणि मालकाने स्वतः "कुत्रा चालेल" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिल्याशिवाय टोकन देऊ नका. एजंटने लिहिलेलं चालत नाही.

४. घर बघताना कुत्र्याच्या उंचीवरून बघा

माणसं छत, किचन, पाण्याचं प्रेशर बघतात. तुम्ही खाली वाका. दाराचा खालचा दोन फुटांचा भाग, गॅलरीचा जाळीचा दरवाजा, कपाटांचे पाय, किचन ट्रॉल्यांच्या खालच्या पट्ट्या. डिपॉझिट कापलं जातं ते या दोन फुटांतलं. फरशीला सहसा काही होत नाही. प्लायवूडला होतं. त्यात ओल मुरली की ते फुगतं आणि वास धरतं.

म्हणून फर्निचर भरलेलं घर शक्यतो टाळा. रिकामं घर म्हणजे कापायला कारण कमी. गॅलरी आहे का, हवा खेळते का हेही बघा. पुण्याच्या जून ते सप्टेंबरमध्ये भिजलेला कुत्रा आणि बंद घर एकत्र आले की काय होतं ते अनुभवलेल्यालाच कळतं.

मांजर असेल तर खिडक्या आणि बाल्कनीला कबुतरांची जाळी लागणार. ती लावायला भोकं पाडू देतील का आणि खर्च कुणाचा, हे तेव्हाच विचारा.

५. सोसायटी काय म्हणू शकते

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. घरमालक स्वतःच्या घरात प्राणी नको म्हणू शकतो, तो त्याचा करार आहे. सोसायटीचं तसं नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही. लिफ्ट वापरू न देणं किंवा त्यासाठी वेगळे पैसे लावणं हेही त्या सूचनांत बसत नाही. त्याच सूचना तुम्हालाही सांगतात की सामाईक जागेत कुत्रा पट्ट्यावर हवा आणि त्याची घाण तुम्ही उचलायची.

पण या सूचना खिशात ठेवा आणि आधी सेक्रेटरींना भेटा. आमच्या तिसऱ्या घराच्या वेळी मी बंड्याला घेऊनच गेले होते, सकाळी फिरवून आणून, थकवून. सेक्रेटरी काका दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा भुंकत नाही का?" मी खरं सांगितलं, कचऱ्याच्या गाडीवर भुंकतो. ते म्हणाले, "मीही."

सोसायटी कधी कधी भाडेकरूसाठी जादा शुल्क काढते. घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क मालकाकडून घ्यायचं असतं आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. ते तुमच्या माथी मारलं जात नाही ना, एवढं पाहा.

६. डिपॉझिटची बोलणी

जादा डिपॉझिटला घाबरू नका. घाबरायचं ते "नॉन-रिफंडेबल" या शब्दाला. मालक म्हणाला, "कुत्र्याचे दहा हजार, ते परत मिळणार नाहीत," तर उलट सुचवा : "त्यापेक्षा वीस घ्या, पण परतीचे. नुकसान झालं तर पावती दाखवून कापा." मालकाला हातात जास्त रक्कम मिळते, तुम्हाला ती परत मिळण्याची शक्यता. आम्ही दोन्ही वेळा असंच जमवलं.

दुसरा मुद्दा रंगाचा. अनेक मालक घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात, कुत्रा असो वा नसो. हे आधीच ठरलेलं असेल तर कुत्र्याच्या नावाने पुन्हा रंगाचे पैसे कापायचे नाहीत, हे त्याच बैठकीत बोलून घ्या. माझे २३ हजार गेले त्यात रंग दोनदा मोजलेला होता. ते मला घरी येऊन यादी पुन्हा वाचल्यावर कळलं.

७. करार : इथे घाई केली की गेलं

"अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" हे वाक्य पुण्यात अजूनही ऐकू येतं. चूक आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि ती टाळली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदलेला करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मालक कां-कूं करत असेल तर शेवटचं वाक्य त्याला हळूच सांगा, कामं पटापट होतात.

नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. माणूस मशीन घेऊन घरी येतो. खर्च असा : महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते काढताना अकरा महिन्यांचं एकूण भाडं धरतात आणि त्यात परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने मानीव, म्हणजे फक्त हिशेबापुरतं धरलेलं, व्याज मिळवतात. परत न मिळणारी रक्कम असेल तर ती पूर्ण धरतात. करार करून देणाऱ्याचा मेहनताना वरती, आणि हा सगळा खर्च बहुतेक ठिकाणी दोघं निम्मा-निम्मा वाटून घेतात.

आता माझा आवडता हिशेब. अनेकदा मालक किंवा एजंट म्हणतो, "कुत्र्याचे २२ हजार करारात दाखवू नका, रोख द्या, उगाच स्टँप ड्यूटी वाढते." किती वाढते बघा. २२ हजारांवर १० टक्के म्हणजे २,२००. अकरा महिन्यांचे साधारण २,०१७. त्याचा पाव टक्का, पाच रुपये. पाच रुपये वाचवण्यासाठी तुम्ही २२ हजारांचा पुरावा पुसून टाकताय. सगळं डिपॉझिट करारात, सगळं बँकेतून.

ऑनलाइन मसुद्यात जादा अटी घालता येतात. या तीन मी प्रत्येक वेळी घालते, हव्या तर उचला (करारातला परवानाधारक म्हणजे तुम्ही, भाडेकरू):

"परवानाधारकाकडे एक कुत्रा (नर, गावठी, नाव बंड्या) असून त्यास सदर सदनिकेत ठेवण्यास मालकाची संमती आहे."

"अतिरिक्त अनामत रक्कम रु. २२,००० परतफेडीची असून, सदर प्राण्यामुळे झालेल्या व पावतीसह दाखवलेल्या नुकसानीपोटीच ती कापता येईल. रोजच्या वापरातील झीज नुकसान समजली जाणार नाही."

"संपूर्ण अनामत रक्कम, वरील वजावट असल्यास ती वगळून, ताबा परत देतेवेळी बँकेमार्फत परत केली जाईल."

लॉक-इन (जेवढे महिने करार मोडता येत नाही ती मुदत) आणि नोटीस पिरियड वाचा. लॉक-इन सहा महिन्यांचा असेल आणि तिसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून मालकानेच निघायला सांगितलं तर काय, हेही लिहून घ्या. लॉक-इन फक्त तुमच्यावर नको. पोलीस व्हेरिफिकेशन मालकाने करायचं असतं. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, त्यामुळे अर्ज योग्य ठिकाणी गेला ना ते बघा आणि पावतीची प्रत ठेवा.

८. चावी घेतल्यावर, सामान येण्याआधी

रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक दार खालून वर. आधीचे ओरखडे, फुटलेली पट्टी, भिंतीवरची ओल, जाळीला पडलेलं भोक, सगळं जवळून. मग तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला पाठवा आणि खाली लिहा, "ताबा घेताना घराची स्थिती अशी आहे." फोनमध्ये नुसता पडून राहिलेला व्हिडिओ उपयोगाचा नाही. आमच्या तिसऱ्या घरात बेडरूमच्या दाराला आधीच्या भाडेकरूच्या मांजराच्या नखांच्या खुणा होत्या. घर सोडताना त्या आमच्या नावावर निघाल्या, मी जुना मेसेज दाखवला, विषय तिथेच मिटला.

९. राहताना

दारांच्या खालच्या भागावर पारदर्शक प्लास्टिकची जाड शीट लावा, काढता येईल अशी. कुत्र्याची नखं कापलेली ठेवा. लघवी झाली तर फिनाइल ओतू नका, वास दबतो फक्त. जनावरांच्या डागांसाठी एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते वापरा. शेजाऱ्यांना तुमचा नंबर देऊन ठेवा, म्हणजे तक्रार आधी तुमच्याकडे येते, सोसायटीच्या ग्रुपवर जात नाही. परवाना आणि रेबीजची लस दरवर्षी, तारीख न चुकवता.

१०. सोडताना

नोटीस लेखी द्या. महिनाभर आधी मालकाला घरी बोलवा, चहा द्या, आणि काय दुरुस्त करायचं ते त्याच्याच तोंडून ऐका. मग तुमच्या सुताराकडून करून घ्या. तुम्ही केलेली दुरुस्ती आणि मालकाने कापलेली दुरुस्ती यांच्या आकड्यात बराच फरक असतो. दाराचं लॅमिनेट बदलायला मला ३,२०० रुपये लागले. पहिल्या घरात त्याच कामाचे ९ हजार कापले होते.

शेवटचं भाडं न देता "डिपॉझिटमधून वळतं करा" म्हणणं टाळा. मालक चिडतो आणि मग प्रत्येक ओरखडा मोजतो. घर रिकामं करून, धुऊन, खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवून मग दाखवा. वीज मीटरचं रीडिंग, गॅसचं बिल, सोसायटीची थकबाकी, सगळ्याचे फोटो. डिपॉझिट जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आल्यावर चावी द्या. मालक "दोन दिवसांत टाकतो" म्हणाला तर रक्कम आणि तारीख त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. तरीही पैसे अडकले, तर वकिलाच्या नोटिशीला नोंदलेला करार, बँकेची नोंद आणि पहिल्या दिवशीचा तो व्हिडिओ जोडायचा.

काकूंच्या घरातून निघताना आमचे १,४०० रुपये कापले गेले, गॅलरीच्या जाळीचे. पावती जोडलेली होती.